मोडक्या शिंगाची तांबडी

ब्रिगहॅम हॉलो, व्हरमाँट
१४ सप्टेंबर २०१०

प्रिय रस्टी,

तू बरा असशील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याची कुरकुर ऐकायला आता गोठ्यात कुणी नाही, म्हणून तोही हल्ली बेताने घेतो.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू ते उभ्याउभ्याच फाडलं असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. जायला आता तू आणि मी दोघंच तर उरलोय.

बातमी अशी की मे महिन्यात गाई विकल्या. एकूण एक. न्यूयॉर्कच्या बाजूचा एक माणूस ट्रक घेऊन आला, तासाभरात सगळ्या चढल्या, आणि एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. मीच वेड्यासारखी रस्त्याच्या मधोमध उभी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला डोळे उघडले, बूट चढवले, गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. महिनाभर हेच चाललं. जुलैत तळघरातल्या धुतलेल्या बरण्या पुन्हा धुवायला लागले, तेव्हा म्हटलं, व्हर्ना, हे काही खरं नाही.

तर मी कॉलेजात जाते. हस आता पोटभर. साठीच्या पुढच्यांना फुकट बसू देतात. मला मधमाश्या पाळायचा वर्ग हवा होता, तो भरलेला. प्रवेशाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, सकाळच्या वेळात एकच जागा आहे. अमेरिकन साहित्य, सुरुवातीच्या काळातलं."

"त्यात काय करतात?"

"वाचतात."

"आणि?"

"मग जे वाचलं त्यावर लिहितात."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली, आणि माझी दया आल्यासारखा चेहरा केला.

माझ्या शेजारी जोडी नावाची वीस वर्षांची पोरगी बसते. दंडावर मासा गोंदलाय. आपल्या दुधाचा टँकर चालवणारा ऑर्विल आठवतो ना, शिट्टी वाजवत यायचा? त्याची नात. पहिल्या दिवशी मला विचारते, "तुम्हीच शिकवणार आहात का?" म्हटलं, "नाही बाई, मी चुकून आलेय." तर म्हणाली, "मग बरं झालं, दोघी झालो."

शिकवणाऱ्या ब्रॉडनॅक्स बाई व्हर्जिनियाच्या. उंच, पांढऱ्या वेण्या, आणि आपल्या बर्फाच्या धास्तीने सप्टेंबरातच गुडघ्यापर्यंतचे बूट. पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येकाच्या पुढ्यात एक कागद ठेवला. कागदावर मोजून चार ओळी. आम्ही मिनिटात वाचून वर पाहिलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा वाचलं. "पुन्हा." जोडी पुटपुटली, "ह्यांच्याकडे दुसरा कागदच नाही वाटतं."

बाईंचे कान तिखट आहेत. म्हणाल्या, "पहिल्या वाचनात तुम्ही स्वतःलाच वाचता. दुसऱ्यात मला खूश करायला वाचता. पान बोलायला लागतं ते तिसऱ्यात. मला घाई नाही."

रस्टी, सव्वा तास आम्ही त्या चार ओळींत होतो. सव्वा तास! तेवढ्या वेळात मी वीस गाई पिळल्या असत्या.

त्या ओळी लिहिणारी बाई मेहिटेबल लॅथ्रप. विधवा, कनेटिकट नदीकाठी थोडी शेती, जोथम नावाचा एकच मुलगा. तिच्या रोजनिशीची तीन सुटी पानं उरली आहेत. सत्रभर आम्ही जुनी प्रवचनं, प्रवासाची वर्णनं, असं बरंच वाचणार आहोत, पण लेख लिहायचा तो ह्या तीन पानांवर. पहिलं पान असं: "७ ऑक्टोबर १७२१. जोथम न सांगता नदीपलीकडे निघून गेला. सफरचंदं उतरवली, बारा टोपल्या. माझे हात गारठले."

बाईंनी विचारलं, "पोटचा मुलगा निघून गेला, त्याला एक वाक्य. सफरचंदांना मात्र टोपल्या मोजून. का?"

जोडी म्हणाली, "तिला त्याची पर्वा नसणार."

बाईंनी खडू खाली ठेवला. "माझ्या वर्गात एक शब्द चालत नाही. 'असणार' आणि त्याची सगळी भावंडं. रागावली असणार, रडली असणार. पानावर असेल तर दाखवा. नसेल तर गप्प बसा."

माझा हात वर गेला. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच. म्हटलं, "'माझे' हात म्हटलंय तिने. सफरचंदं उतरवणं दोघांचं काम असतं, एक शिडीवर आणि एक खाली. बारा टोपल्या तिने एकटीने उतरवल्या. मुलाबद्दलच लिहिलंय ते."

बाई फळ्याकडे वळल्या आणि माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. एक बाई तीनशे वर्षांपूर्वी शिडीवर चढली, उतरली, शिडी हलवली, पुन्हा चढली, आणि तिच्या हातांचा गारठा मला त्या शेवटच्या बाकावर माझ्या बोटांत लागत होता. घरी येईपर्यंत मी गाडीचा रेडिओ लावला नाही.

असो. सफरचंदं यंदा बरी आहेत. मेपलचं मोठं झाड विजेने गेलं. बाबांची खोली अजून तशीच आहे, आवरायची आहे. तू त्या डिसेंबरात आला होतास, त्याबद्दल लिहायचं होतं, पण पान संपलं.

तुझी बहीण,
व्हर्ना


ब्रिगहॅम हॉलो
२१ नोव्हेंबर २०१०

प्रिय रस्टी,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांत दोन ओळी, म्हणजे तू मेहिटेबलच्याही वरताण निघालास. "गाई कुणाला दिल्यास? आणि मागच्या पत्रात पान संपलं म्हणालीस, खाली चार बोटं जागा होती. र." मी ते कार्ड वर्गात जोडीला दाखवलं. म्हणाली, "तुमच्या भावाला आणा ना इथे, बाईंचं काम हलकं होईल."

पकडलंस मला. पान संपलं नव्हतं.

आधी मेहिटेबलचं सांगते, तिच्याबद्दल लिहिणं सोपं जातं. आणखी दोन पानं हातात आली. एक फेब्रुवारीचं, एक डिसेंबरचं, दोन्ही १७२१ सालची. डिसेंबरचं असं: "१९ डिसेंबर १७२१. मोडक्या शिंगाची तांबडी चारा खात नाही. जोथम दारात आला. अडसर घातला. देवाने मला बळ दिले." आणि फेब्रुवारीचं: "११ फेब्रुवारी १७२१. बर्फ खिडकीपर्यंत. तांबडी गेल्यापासून दूध नदीवरच्या घरातून आणते. अडसर चुलीत घातला. जोथम जेवला."

मागच्या आठवड्यात बाईंनी आम्हाला खरी पानं दाखवायला नेलं. दोन तासांची बस, एका जुन्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर. हात धुवायला लावले, पेनं काढून घेतली, पेन्सिली दिल्या. पानं आपल्या हाताच्या तळव्याएवढी, रस्टी! मला वाटलं होतं बायबलएवढी असतील. शाई चहासारखी झालेली. डिसेंबरच्या पानावर जिथे "बळ" लिहिलंय, तिथे टाकाने कागद फाटलाय. एवढा जोर देऊन लिहिलं तिने. छापलेल्या कागदावर ते काही दिसत नाही. मी बाईंना खुणेने बोलावलं. त्या वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि कुजबुजल्या, "हे पानावर आहे. लिहा."

एवढी बडबडी जोडी बसमध्ये एकदाच म्हणाली, "तिला ठाऊकसुद्धा नव्हतं की आपण येणार आहोत." मग कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघत बसली. मला राहून राहून वाटत होतं, की आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात न विचारता शिरलो, आणि त्या बाईने मान वर न करता आपलं काम चालू ठेवलं.

लेखाला दोन आठवडे लागले. एकेक वाक्य म्हणजे कुंपणाचा एकेक खांब, ठोकायचा, हलवून पाहायचा, पुन्हा ठोकायचा. माझं म्हणणं असं होतं: फेब्रुवारीत तिने दाराचा लाकडी अडसर जाळला, मुलाला जेवू घातलं, माफ केलं. ऑक्टोबरात तो न सांगता पुन्हा गेला. डिसेंबरात परत दारात आला, तेव्हा तिने नवा अडसर घातला तो कायमचा, कारण माफी एकदाच असते. फाटलेला कागद हा त्याचा पुरावा. शेवटी लिहिलं की तिचं बरोबर होतं. लेख लिहून झाल्यावर मी दोन अंडी तळून खाल्ली, इतकं समाधान वाटलं.

लेख परत आला. खाली बाईंच्या हिरव्या शाईत: "वाक्यं भक्कम आहेत. पण तुम्ही चाळीस वर्षं गाई पाळल्यात. तुमच्या लेखात तिची गाय कुठे आहे?"

मला असा राग आला म्हणून सांगू! एवढा अडसर, एवढा फाटका कागद, आणि ह्यांना गाय हवी. जोडीने विचारलं, "किती मिळाले?" म्हटलं, "एक गाय."

आता ती चार बोटं जागा.

मी कुणाच्या बाजूने लिहीत होते ते तुला कळलंच असेल. तू शहाऐंशी साली ओलं गवत माळ्यावर भरलंस, ते आतून तापलं, गोठा पेटला आणि अकरा गाई गेल्या. तू जाणूनबुजून केलं नाहीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाबा म्हणाले, पुन्हा माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस, आणि तू गेलास. नवा गोठा बाबांनी आणि मी बांधला. एकवीस वर्षं दिवसातून दोनदा धारा मी काढल्या. तुला नाताळात कार्ड टाकायला सुचायचं, आणि बाबा ते न वाचता खिडकीत उभं करायचे.

मग दोन हजार सातच्या डिसेंबरात बाबांचं हृदय थकलं. शेजारणीने तुला फोन केला, मी नव्हे. तू आख्खा देश ओलांडून आलास. पायरीवर उभा होतास, टोपीवर बर्फ. मी दाराची साखळीही काढली नाही. फटीतून म्हटलं, "बाबांना तुझं तोंड पाहायचं नाही." तू म्हणालास, "त्यांनी स्वतः सांगितलं?" मी म्हटलं, "हो."

ते खरं होतं, रस्टी. बाबा तसं म्हणाले होते. शब्द न शब्द तसाच. तू पायरीवर उभा असताना त्यांनी पलंगावरून मान हलवत तेच म्हटलं होतं.

आज एवढंच लिहिते. थँक्सगिव्हिंगला जोडी येणार आहे, तिच्या आईची रुग्णालयात कामाची पाळी आहे. टर्की चौदा पौंडांची आणलीय, दोन बायकांना ती आठवडाभर पुरेल.

व्हर्ना


ब्रिगहॅम हॉलो
१३ फेब्रुवारी २०११

प्रिय रस्टी,

हे पत्र मी डिसेंबरापासून लिहितेय. सत्र कधीच संपलं, दुसरं सुरू झालं. ह्या पत्राची सहा सुरुवाती शेगडीत गेल्या. आज रविवार, सकाळ, ऊन पडलंय, आणि मी ठरवलंय की टपालाच्या पेटीपर्यंत गेल्याशिवाय जेवायचं नाही.

गाय सापडली.

थँक्सगिव्हिंगला टर्कीनंतर जोडी सोफ्यावर आडवी झाली होती आणि मी चिडून ती तीन पानं पुन्हा वाचत होते. गाय, गाय, कुठली गाय, म्हणत. फेब्रुवारी: "तांबडी गेल्यापासून." डिसेंबर: "मोडक्या शिंगाची तांबडी चारा खात नाही." आणि माझा हात टेबलावर आपटला.

"जोडी! मेलेली गाय आजारी कशी पडेल?"

"काय?"

"फेब्रुवारीत तांबडी मेलेली आहे. मग डिसेंबरात तिचा चारा कसा सुटेल?"

जोडी डोळे चोळत आली. "दुसरी तांबडी असणा..." आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"फेब्रुवारीत नुसती 'तांबडी' म्हणते ती. जिच्याकडे तांबड्या दोन असतात ती बाई नुसतं तांबडी म्हणत नाही. आमच्याकडे दोन काळ्या होत्या तेव्हा बाबा कधी नुसतं 'काळी' म्हणाले नाहीत. आणि घरची दुसरी दुभती असती तर दूध नदीवरून कशाला आणलं असतं? गाय एकच; मधे दुसरी घेतली असं पानावर नाही. डिसेंबरात तिने खाणं टाकलं, मग ती मेली, मग फेब्रुवारी. डिसेंबर आधी आहे."

"पण दोन्ही पानांवर साल एकच आहे, व्हर्ना! एकाच सालात फेब्रुवारी डिसेंबरनंतर कसा येईल?"

"ते मला ठाऊक नाही. गाय खोटं बोलत नाही, एवढं ठाऊक आहे."

सोमवारी आम्ही दोघी बाईंच्या खोलीत. मी गाईचं सांगत होते आणि बाई खुर्चीतून हळूहळू उठत होत्या. संपलं तेव्हा त्या उभ्या होत्या आणि चष्मा काढून हातात घेतला होता. म्हणाल्या, "त्या काळात, इंग्रजांच्या कायद्याने, नवं साल पंचवीस मार्चला लागायचं. जानेवारी, फेब्रुवारी जुन्याच सालात मोजायचे. तिचा १७२१ चा फेब्रुवारी हा १७२१ च्या डिसेंबराच्या नंतरच येतो."

जोडीने माझ्या हातातली पानं ओढून तारखा पुन्हा पाहिल्या.

"अकरा वर्षं मी ही पानं शिकवतेय," बाई म्हणाल्या. "दर वर्षी शेवटच्या आठवड्यात हे मीच सांगते, आणि मुलं वहीत टिपून घेतात. गोठ्यातून चालत इथवर आलेलं पहिलं माणूस तुम्ही."

जोडी म्हणाली, "पण व्हर्नाचा आधीचा लेख किती छान होता!"

"छान होता," बाई म्हणाल्या. "उलटा होता. पुन्हा लिहा."

रस्टी, मी घरी येऊन ती तीन पानं टेबलावर मांडली आणि पहिलं ठेवलेलं फेब्रुवारीचं पान उचलून शेवटी ठेवलं. एवढंच केलं. एक अक्षर बदललं नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती बाई दुसरीच झाली. ऑक्टोबरात मुलगा गेला. डिसेंबरात तो दारात आला, आणि तिने टाक मोडेल इतका जोर लावून दार बंद केलं. मग गाय मेली, बर्फ खिडकीला लागलं, आणि फेब्रुवारीत तिने उठून तो अडसर चुलीत घातला. जोथम जेवला. मी माफीवर दार लावून घेतलं होतं आणि त्याला पुरावा म्हणत होते. ती तर तीनशे वर्षं दार उघडून बसली होती. अंगावर काटा म्हणतात तो खरोखरचा असतो, बाही वर करून पाहिला.

आणि मग मी बाबांच्या खोलीत गेले.

चारा विकणाऱ्याचं दोन हजार आठचं कॅलेंडर अजून त्याच खिळ्यावर आहे. फेब्रुवारीच्या पानावर. मार्चच्या तिसऱ्या तारखेला बाबा गेले, पान उलटायला कुणी नव्हतं. त्यांचं रोजचं लिखाण तुला माहीत आहे, पारा किती, दूध किती, कोण व्याली. पलंगावरूनही मला विचारून विचारून लिहायचे. ते पान मी तीन वर्षं रोज पाहिलं होतं, वाचलं कधीच नव्हतं. वाचायचं नव्हतं म्हणून वाचलं नव्हतं. त्यावर काय आहे ते मला ठाऊक होतं.

सहा फेब्रुवारी: "उणे अकरा. बेचाळीस नंबर व्याली, कालवड. रस्टीला बोलवायला व्हर्नाला सांगितलं."

नऊ फेब्रुवारी: "हिमवादळ. रस्टी?"

त्यानंतर रोज, एकोणतीस तारखेपर्यंत, पाऱ्याच्या पुढे: "र?" शेवटी शेवटी पारा नाही, दूध नाही. नुसतं "र?"

आता लिहिते, थांबले तर पुन्हा शेगडीत जाईल. बाबांनी तुला बोलावलं होतं. मी फोन केला नाही. रोज सकाळी ते विचारायचे, "निघाला का गं?" आणि मी सांगायचे, निघालाय, डोंगरात वादळ आहे, रस्ते बंद आहेत. त्यांनी विश्वास ठेवला. मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते ना, म्हणून. मग म्हणायचे, "फाटकापासून वाट काढ. त्याला चालायला जागा हवी." आणि मी फावडं घेऊन जायचे आणि वाट काढायचे. ज्याला मी बोलावलंच नव्हतं त्याच्यासाठी मी तीन आठवडे रोज बर्फ उपसलं, आणि बाबा खिडकीतून नीट निघतंय की नाही ते बघायचे. कडेला राहिलं तर काच वाजवायचे.

का केलं विचारशील. एकवीस वर्षं मी होते. तू एका शब्दावर आत आला असतास, आणि शेवटी त्यांच्या तोंडात तुझं नाव आलं असतं. शेवटच्या दिवसांत त्यांचं मी एकटीच मूल असावं, असं मला वाटलं. तरी तुझंच नाव आलं.

नंतर मी स्वतःला सांगत राहिले, की ते गुंगीत बोलत असणार, म्हाताऱ्याला आठवण आली असणार, पण राग गेला नसणार. ब्रॉडनॅक्स बाईंच्या वर्गात हे चाललं नसतं. पानावर राग डिसेंबरात आहे, बोलावणं फेब्रुवारीत आहे. मी तुला डिसेंबराचं पान दाखवलं आणि फेब्रुवारीचं दडवून ठेवलं. तू तीन वर्षं असं समजून जगलास, की डिसेंबरचं पान शेवटचं. तू बाबांना मूठमाती द्यायलाही आला नाहीस, आणि सगळ्यांसमोर मी म्हटलं, "त्याला येवढंही जमलं नाही."

माफ कर असं लिहिणार होते. मेहिटेबलने जोथमची माफी मागितली का, हे मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पानावर नाही. पानावर एवढंच आहे की अडसर जाळला आणि तो जेवला."

सोबत कॅलेंडरचं ते पान ठेवलंय. झेरॉक्स नाही, खरं पान. ते तुझं आहे. घाई करू नकोस, तीनदा वाच. नऊ तारखेच्या "र" ला पेन्सिलीने दोनदा गिरवलंय, ते उजेडात तिरपं धरल्याशिवाय दिसत नाही. खिळ्यावर आता काही नाही.

दाराची साखळी मी स्क्रू काढून उतरवली. लोखंडी आहे, जळत नाही, म्हणून गोठ्यामागे फेकली. बाबांच्या खोलीत चादरी बदलल्यात. तू येशील असं मी म्हणत नाही, ते पानावर नाही. पण आज सकाळी फाटकापासून पायरीपर्यंत वाट काढली, दोन्ही कडा साफ. उद्या बर्फ पडलं तर उद्याही काढीन, आणि ह्या वेळी तुला बोलावलेलं आहे.

बाबांचा निरोप तीन वर्षं अडवून ठेवलेली, तुझी बहीण,
व्हर्ना